आप्पांना आंघोळ घालताना

अहो, जो येतो तो मला विचारतो, रडलात का. आपली लेक सुवार्ता विचारते. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं, वहिनी, मोकळ्या व्हा. मी हो म्हटलं. मोकळं म्हणजे नेमकं काय व्हायचं ते मला कळलं नाही. मी स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, आलेल्याला चहा देते. चहात साखर बरोबर पडते. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं आत झालंय. हात लावला की कळतं, इथं काहीतरी आहे. पण ते माझं आहे असं वाटत नाही.

आपलं शेवटचं बोलणं मोरीतल्या नळावर झालं. तुम्ही म्हणालात, वॉशर गेलाय, दुकान उघडलं की घेऊन येतो. मी म्हटलं, प्लंबरला बोलवा, तुम्हाला वाकवत नाही. "बघू," म्हणालात आणि बूट घालायला खुर्चीवर बसलात. मी भाजी परतून बाहेर आले तेव्हा एक बूट पायात होता आणि तुम्ही मान मागं टाकून बसला होतात. मी म्हटलंसुद्धा, "अहो, आत्ताच तर उठलात." एवढ्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं, आणि ते वॉशरवर. लोकांना सांगायलाही बरं वाटत नाही. त्यांना काहीतरी ऐकायचं असतं, तुम्ही देवाचं नाव घेतलंत, माझा हात धरलात, असं. मी सांगते, शांतपणे गेले. ते खोटं नाही.

कबरीशी पाळकसाहेब म्हणाले की आपला हा भाऊ स्वतःच्या पुण्याईनं नव्हे, तर कृपेनं देवाघरी गेला आहे. ते तरुण आहेत, त्यांचा आवाज कापत होता. माझ्या मागं रेल्वे कॉलनीतल्या जुन्या शेजारीणबाई उभ्या होत्या. त्या कानात पुटपुटल्या, "असं कसं म्हणतात हो? एवढा सोन्यासारखा माणूस, त्याची पुण्याई नव्हती व्हय?" मला तिथं, त्या मातीच्या ढिगाऱ्याशी, हसू येता येता राहिलं. कारण हेच तर आपलं भांडण होतं. लग्न झाल्यापासूनचं.

माहेरी आमच्याकडं भाजीपाला आणि कांदा. पाणी धरलं, खुरपलं, फवारलं, तेव्हा कुठं काही हाताला लागायचं, आणि तरी कधी लागायचं नाही. त्या घरातून मी तुमच्याकडं आले आणि तुम्ही सांगायला लागलात की तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देणगी आहे. कमवता येत नाही, फेडता येत नाही, नुसता हात पुढं करायचा. मला ऐकूनच कसंतरी व्हायचं. मी म्हणायचे, असलं आयतं मला नको. माझे उपास मी करीन, कुणाचं वाईट करणार नाही, मग देवाला जे द्यायचं ते देऊ दे. तुम्ही हसायचात आणि माझ्या चतुर्थीला स्वतः जाऊन केळी आणायचात.

एकदा मात्र मी तुम्हाला चांगलं पकडलं होतं. अंगणात कांदे निवडत बसलो होतो. मी म्हटलं, जो जन्मभर नीट वागला आणि जो नाही वागला, दोघांनाही तुमचा देव एकच माप घालणार असेल, तर नीट वागणाऱ्यानं वागायचं कशासाठी? तुम्ही बराच वेळ एकच कांदा हातात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "तुझं बरोबर वाटतंय गं. विचार करून सांगतो."

तुम्ही सांगितलंच नाहीत. मीही परत विचारलं नाही, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा आले.

माझे वडील आपल्या दारात येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आपण लग्न केलं त्या दिवशी आप्पांनी, शालन मेली म्हणून, अंगावर पाणी घेतलं होतं. तुम्ही ख्रिस्ती, एवढंच त्यांचं दुखणं नव्हतं. तुमच्या आजोबांनी धर्म घेतला त्याआधी त्यांचं घर गावाच्या कुठल्या टोकाला होतं, तेही आप्पांना पक्कं ठाऊक होतं. शिरूरच्या बाजारात एकदा ते अगदी समोर आले. सुवार्ता माझ्या कडेवर होती. त्यांनी आपल्याकडं बघितलं आणि टोमॅटोचा भाव विचारत पुढं गेले. एसटीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, पोरीनं नाक अगदी आजोबांचं घेतलंय. मला त्या वेळी त्यांच्यापेक्षा तुमचाच जास्त राग आला होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी आप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. आई आधीच गेली होती. दादाच्या घरात त्यांची खाट आधी पडवीत आली, मग गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. माझा थोरला भाऊ काही दुष्ट नाही. रान, दूध, सोसायटीची निवडणूक, वहिनीचं गुडघ्यांचं दुखणं, यातून आप्पांपर्यंत पोचायला त्याला संध्याकाळ व्हायची. गावचा एक माणूस तुम्हाला दौंड स्टेशनवर भेटला आणि म्हणाला, तुमच्या सासऱ्याला पाठीला जखमा झाल्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकली. मला म्हणालात, शिरूरला जरा काम आहे.

दुपारी कॉलनीत जीप आली. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेले आप्पा होते. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "यांना इथं का आणलं?"

तुम्ही म्हणालात, "आधी जरा हात लाव. मग भांडू."

मी हात लावला. एवढे हलके झाले होते की मला भीती वाटली. पण मी बोलले नाही त्यांच्याशी. कित्येक आठवडे नाही. त्यांचं खाणं मी करायचे, चादरी धुवायचे, तोंडातून शब्द काढायचे नाही. जखमा धुणं, मलम लावणं, आंघोळ घालणं हे तुम्ही घेतलंत. ड्युटीवरून यायचात, गाड्यांच्या चाकांचं ग्रीस हातावरून घासून काढायचात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचात आणि त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून मोरीत न्यायचात. आप्पा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. तुमचा हात अंगावरून फिरतोय हे बघायचं नाही, म्हणून. तुम्ही त्यांच्याशी गप्पा मारायचात, कुठली गाडी उशिरा आली, पाटसच्या कारखान्याचा ऊस कुठं अडकला. उत्तर यायचं नाही.

तुमच्या हातचं पाणी ते प्यायचे नाहीत. मी बालवाडीवर कामाला गेले की मी परत येईपर्यंत ओठ मिटून बसायचे, आणि उन्हाळा तर तुम्हाला माहीत आहे आपल्या दौंडचा. तुम्ही मला म्हणालात, जायच्या आधी त्यांना पाणी पाजून जात जा. मी म्हटलं, "मी नाही पाजणार. ज्याच्या घरात राहतात त्याच्या हातचं प्यावं लागंल."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात, असा तो एकच प्रसंग. चढवला म्हणजे काय, नेहमीपेक्षा जरा हळू बोललात. "शालन, तहानलेल्या माणसाला अट घालायची नाही."

मी रोज पाजून जायला लागले. मग एक दिवस घरी आले तर फुलपात्र तुमच्या हातात होतं आणि आप्पांचे ओठ त्याला लागले होते. निम्मं पाणी हनुवटीवरून सांडत होतं, तुम्ही स्वतःच्या पंच्यानं पुसत होता. मी चपला न काढता उभी राहिले. नंतर विचारलं, हे कसं झालं? तुम्ही म्हणालात, तहान लागली होती त्यांना. एवढंच. मला आजही कळलेलं नाही की त्या दुपारी तुम्हा दोघांत काय झालं. कदाचित खरंच तेवढंच झालं असेल.

त्यानंतर आप्पांनी कामाचा हट्ट धरला. आयतं बसून खाणं त्यांना सोसेना. डाव्या हातानं लसूण सोलतो म्हणाले. एक पाकळी सोलायला त्यांना केवढा वेळ लागायचा, आणि नख लागून निम्मी वाया जायची. पण आपण दोघं जेवायला बसलो की ते ताटाकडं बघायचे, आमटीत त्यांचा लसूण आहे ना म्हणून. तुम्ही मुद्दाम म्हणायचात, आज लसूण झकास लागलाय. मग मला आत येऊन सांगायचात, "बघ, तुझा बाप तुझ्यावरच गेलाय. याला पण फुकट नको."

लसणानं भागेना तेव्हा त्यांनी जमीन काढली. खालचं रान शालनच्या नावानं करतो, दादाला बोलवा, तलाठ्याला बोलवा. तुम्ही नको म्हणालात. मी चिडले. बापाच्या रानात माझा हक्क होता, तुम्ही कोण नको म्हणणारे? तुम्ही म्हणालात, "तुझा हक्क तू खुशाल माग, मी आड येत नाही. पण माझ्या आंघोळीच्या बदल्यात नको. गाव म्हणंल रानासाठी केलं. आणि काही दिवसांनी मलाही तसंच वाटायला लागंल." मी मागितलं नाही. ते तुमच्यामुळं की माझ्या ताठ्यामुळं, ते मला सांगता येणार नाही.

एके दुपारी तुम्ही त्यांच्या पायाची नखं काढत होता. मी दाराशी तांदूळ निवडत होते. आप्पा बराच वेळ तुमच्या डोक्याकडं बघत होते. तुमचं टक्कल तेव्हा नुकतंच पडायला लागलं होतं. मग त्या जड जिभेनं म्हणाले, "म्या तुमचं काय भलं केलंय?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"मग काय, आप्पा. पाय हलवू नका, लागंल."

तोवर आप्पा तुम्हाला हाक मारायची वेळ आली की नुसतं "ओ" म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा "तुमचं" म्हणाले. तुमच्या ते लक्षात आलं का, हे मी कधी विचारलं नाही. मी तांदूळ परत पहिल्यापासून निवडायला घेतले. डोळ्यांना खडे दिसत नव्हते.

मी आप्पांशी कधी बोलायला लागले, ते आठवत नाही. असं ठरवून झालं नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं असेल. पण मी त्यांना माफ केलं असं लोक म्हणतात ते खरं नाही. सवय झाली. तुमचं आणि माझं त्यावरूनही वाजायचं. मी म्हणायचे, यांनी एकदा तरी चुकलं म्हणावं. तुम्ही म्हणायचात, म्हणतील किंवा नाही म्हणणार, त्यासाठी आंघोळ थांबवायची का?

मग तो नाताळ आला. तुम्ही स्टुलावर उभं राहून दारात कागदी तारा टांगत होता, वायर दातांत धरून. आप्पा खुर्चीत, अंगावर शाल. मी आत करंज्यांचं पीठ मळत होते. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, त्यामुळं आप्पांना दोनदा बोलावं लागलं.

"ओ पाव्हनं," आप्पा म्हणाले, "तुमच्या देवाला माझ्यावानी मानूस चालतो का?"

तुम्ही तोंडातली वायर काढलीत आणि खाली उतरलात. "चालतो."

"म्या त्याचं काय केल्यालं न्हाई. उलटं तुमाला..." पुढचं त्यांना बोलता येईना.

"कुणीच केलेलं नसतं, आप्पा."

"इचारून सांगा."

"इचारलंय," तुम्ही म्हणालात.

आप्पा "बरं" म्हणाले आणि डोळे मिटून बसले. तुम्ही परत स्टुलावर चढलात. मी पिठाचे हात घेऊन दारात उभी होते आणि तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. आपण त्यावर तेव्हा बोललो नाही. मला वाटायचं, ते तुमचं दोघांचं आहे.

थंडी संपायच्या आत आप्पा गेले. झोपेतच. दादा गाडी घेऊन आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. घोड नदीच्या काठावर तयारी झाली. तिरडी उचलायच्या वेळी तुम्ही पुढं झालात, तसा दादा आडवा आला. म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या. आमच्यात चालत न्हाई." ज्या अंगाला तुम्ही रोज साबण लावला होता त्याला खांदा द्यायला तुम्ही चालला नाहीत. तुम्ही दोन पावलं मागं झालात, बाभळीखाली जाऊन उभे राहिलात, आणि सगळे पांगेपर्यंत तिथंच होता. मला तिथं ओरडायचं होतं. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीत मी तुम्हाला म्हटलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणालात, "वाटतंय की."

पण खरा घाव तुम्हाला तिथं बसला नाही, तो पुढच्या रविवारी बसला. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं तुम्हाला बाजूला घेतलं. तुमच्या भल्याचंच होतं त्यांच्या मनात, आणि आप्पांच्याही. त्यांनी विचारलं, एवढे दिवस घरात होते, प्रभूविषयी सांगितलं का त्यांना? प्रार्थना करून घेतली का? बाप्तिस्म्याचा विषय काढला का? तुम्ही नाही म्हणालात. ते म्हणाले, मग संधी गेली, भाऊ. विश्वास धरल्याशिवाय कसं? रागानं नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी येऊन तुम्ही कपडेही न बदलता पायरीवर बसलात. मी जेवायला वाढलं तरी उठला नाहीत. मी शेजारी येऊन बसले तेव्हा म्हणालात, "मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही, शालन. मला वाटलं, आंघोळ घालताना सांगितलं तर ती आंघोळीची किंमत होईल. त्यांना वाटलं असतं, एवढं करतोय तर ह्याचा देव घ्यायला लागंल."

मी म्हटलं, "बरोबर केलंत."

"का मी त्यांना उपाशी ठेवलं? भाकरी माझ्या हातात होती आणि मी वाढलीच नाही, असं तर नाही ना?"

मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगितलंत की, चालतो म्हणून. तेव्हा तुम्हाला कळलं की मी ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी कोण सांगणारा? ते तोंडातून निघून गेलं."

त्यानंतर तुमचं मन कायम त्या चोराशी जाऊन थांबायचं, प्रभूच्या शेजारच्या क्रुसावरच्या, ज्याला मरता मरता प्रभूनं स्वर्ग देऊ केला. मला सांगायचात, बघ, त्यानं काय केलं होतं? बाप्तिस्मा नाही, मंडळी नाही, एक चांगलं काम करायला हात मोकळे नाहीत. मी तुम्हाला डिवचायचे, त्यानं मागितलं तरी होतं. तुम्ही म्हणायचात, आप्पांनी पण विचारलंच की. म्हणजे इतकी वर्षं जे मला ठासून सांगत होता, त्याबद्दल एका माणसापुरती तुम्हाला धाकधूक लागून राहिली. देवानं तुमच्यावर कृपा केली याची तुम्हाला शंका नव्हती. आप्पांवर केली का, हे मात्र तुम्ही त्याला रोज विचारत होता. मला ऐकू यायचं. तुम्ही प्रार्थना मनात करता असं तुम्हाला वाटायचं, पण ओठ हलायचे.

आता माझं सांगते. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की शालन, बाप्तिस्मा घे. मी तुमच्याबरोबर देवळात यायचे, मागच्या बाकावर बसायचे, गीतं मला पाठ झाली. बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी प्रभुभोजनाची भाकर फिरायची तेव्हा मी हात मांडीवर ठेवायचे आणि ताट माझ्यासमोरून पुढं जायचं. दर वेळी तुम्ही मान जरा खाली घालायचात. तुम्ही म्हणाला असतात तर मी भांडले असते. म्हटलं असतं, झाली का तुमची अट सुरू? तुम्ही म्हणाला नाहीत, तर मला वाटत राहिलं की यांना माझी गरजच वाटत नाही का. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आप्पांच्या बाबतीत जे केलंत तेच माझ्या बाबतीत करत होता का? मी वाट बघत होते का? खरंच मला माहीत नाही.

त्या दिवशी मातीवरून परतल्यावर पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, वहिनी, तुमच्या मनात काही आहे का? अजून वेळ आहे. मी म्हटलं, बघू. तुमचाच शब्द तोंडात आला. त्यांनी जास्त धरलं नाही. भले आहेत. सुवार्ताला मात्र लागलं. ती म्हणाली, आई, पप्पा तिथं आणि तू कुठं? मी तिला जेवून घे म्हटलं.

काल दादा आला.

एकटाच आला, यवतच्या बाजूला काही काम होतं म्हणाला, पण पांढरे कपडे घालून कुणी कामाला जात नाही. आपल्या घरात तो कधी आला नव्हता. आप्पांना न्यायला आला तेव्हाही गाडीपाशीच थांबला होता. थकलाय आता, काठी धरतो. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दाजींची जागा दाखवतीस का?" तुम्ही असताना त्यानं तुम्हाला दाजी म्हटलं नाही.

रिक्षानं त्याला कबरस्तानात नेलं. माती अजून उंच आहे, वरची फुलं वाळलीत. त्यानं चपला काढल्या, टोपी काढली. मला विचारलं, "हितं काय म्हनत्यात?" मी म्हटलं, काही म्हणायचं नसतं. मग तो हात जोडून उभा राहिला. मी बाजूला. ऊन होतं. थोड्या वेळानं म्हणाला, "खांदा त्यांचा व्हता. म्या आडवा आलो. तवापासनं ते खुपतंय."

असू दे, असं म्हणायला पाहिजे होतं, तुम्ही म्हणाला असतात. किंवा एवढी वर्षं साठवलेलं सगळं तरी बाहेर पडायला पाहिजे होतं. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. परत येताना रिक्षात तो म्हणाला, कबर मी बांधून देतो, चांगल्या दगडात, माझ्याकडनं. मी नको म्हटलं. का नको, तेही त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दादा, तू आलास ना. आता जेवून जा."

तो ओसरीवर बसेल असं वाटलं होतं, पण आत स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला. मी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उचलला आणि प्याला. मी बघत होते आणि माझ्या आत काही हललं नाही. ना राग, ना माया. जिंकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. हात आपले चालत होते, परातीत, तव्यावर, त्याच्या ताटात.

मग मला एक वाटलं, ते तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही आप्पांना आंघोळ घालायचात तेव्हा तुम्हाला काय वाटायचं? मी कधी विचारलं नाही. मी धरूनच चालले होते की तुमच्या आत काहीतरी भरून येत असणार, माझ्या आत जे कधी येत नाही ते. म्हणून तुम्हाला जमतं आणि मला जमत नाही. आणि तुम्हाला काहीच वाटत नसेल तर? ड्युटीवरून दमून आलेला माणूस. समोर म्हातारा. बादलीत पाणी तापलेलं. त्या कांद्याच्या वेळी, नीट वागायचं कशासाठी यावर विचार करून सांगतो म्हणालात, ते हेच होतं का, अहो? आधी आत काहीतरी यावं लागतं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

दादा मान खाली घालून जेवत होता. त्याचं ताट रिकामं झालं. त्यानं वर न बघता विचारलं, अजून एक मिळंल का. मी पीठ पुढं ओढलं.